एक जानेवारीची मुलं

मंगळवार, ६ ऑक्टोबर २००९

“त्यांनी मला एकदाच विचारलं, आणि तेही मला न येणाऱ्या भाषेत.” बटाटे सोलता सोलता पप्पा म्हणाले होते. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. त्यांच्या लहानपणी आमच्या या गिरणीगावात घरोघरी फ्रेंच चालायची आणि शाळेत इंग्रजी. ते आठ वर्षांचे असताना कुणी एक बाई आल्या, त्यांनी दहा-बारा प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवसापासून पप्पांना तळघरातल्या मंद मुलांच्या वर्गात बसवलं. तिथे पाच वर्षं टोपल्या विणून ते गिरणीत गेले. एवढं सांगून त्यांनी सालं गोळा केली. पुन्हा कधी हा विषय काढला नाही.

मी शाळांची मानसशास्त्रज्ञ झाले ती बहुधा त्या वाक्यामुळे. लोकांना मी दुसरं कारण सांगते.

आज ते आठवलं, कारण टेबलावर नवी फाइल आली. उबाह. चौथीत आहे, सोमाली आहे, दोन वर्षांपूर्वी केनियातल्या छावणीतून आली. तिच्या वर्गशिक्षिका ट्रेसी कॉयल यांनी लिहिलंय: ‘वाचत नाही. सूचना पाळत नाही. टेबलाखाली जाऊन बसते. मधल्या सुट्टीत तिच्याहून बरीच लहान मुलं शोधून त्यांच्यात खेळते.’ तपासणीच्या संमतीवर आईची सही काल झाली, म्हणजे कालपासून शाळेचे पंचेचाळीस दिवस मोजायचे. तेवढ्यात चाचण्या, अहवाल आणि बैठक. माझ्याकडे तीन शाळा आहेत आणि या घडीला अकरा फाइली.

या मुलीला मी तिच्या भाषेत विचारणार. निदान ते तरी माझ्या हातून चुकायचं नाही.

बुधवार, १४ ऑक्टोबर

उबाहची चाचणी झाली. मला दिलेली खोली व्यायामशाळेच्या मागे आहे. चटयांचा ढीग, तुटका बाक, आणि पलीकडून भिंतीवर आदळणारे चेंडू. दुभाषी म्हणून सुआद बसली होती. सुआद शाळेच्या कचेरीत आहे, तिशीची, तोंडाने फटकळ. खुर्चीत बसता बसता म्हणाली, “जनीन, या खोलीत मला प्रश्न विचारलेस तर मीही नापास होईन.”

निम्म्याहून जास्त चाचणी शब्दांवाचूनची निवडली होती. चित्रं, आकृत्या, लाल-पांढरे ठोकळे. उबाह खुर्चीवर बसली तेव्हा तिचे बूट जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. वयाच्या मानाने चण फारच लहान. छावणीत जे मिळालं त्यावर वाढलेली मुलं अशीच असतात. ठोकळे लावताना मध्येच थांबली, जीभ फिरवली, आणि तळहातावर वरचा पुढचा दात काढून मला दाखवला. थोडं रक्त, खूप हसू. घड्याळ चालू होतं आणि नियमाप्रमाणे मला ते थांबवता येत नाही. ती आकृती तिची वेळेत झाली नाही.

दात मी पाकिटात घालून दिला. सुआद तिला म्हणाली, “आपल्याकडे छपरावर फेकतात. पण तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, आणि छप्पर घरमालकाचं. त्याला विचारून फेक.” उबाह इतकी हसली की पुढचा प्रश्न पुन्हा वाचावा लागला.

घरी येऊन वयाची वजाबाकी तीनदा केली. शिकत असताना एका मुलाचं वय महिन्याने चुकवलं होतं, आणि त्या एका महिन्याने तो भलत्याच वयाच्या तक्त्यात गेला होता. तेव्हापासून हे माझं व्रतच आहे. वर आजची तारीख, खाली जन्मतारीख, महिना तीस दिवसांचा धरून उसना घ्यायचा. उबाहची जन्मतारीख १ जानेवारी २०००. ही वजाबाकी सोपी. उसनं काहीच घ्यावं लागत नाही. नऊ वर्षं, नऊ महिने, तेरा दिवस.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

चौसष्ट.

उबाहचा बुद्ध्यंक. शंभर म्हणजे त्या वयाची सर्वसाधारण मुलं. सत्तरच्या खाली गेलं की आम्ही दुसऱ्या शब्दांत बोलू लागतो. मी बेरजा पुन्हा तपासल्या, तक्त्यावर पट्टी ठेवून ओळ पुन्हा वाचली. चौसष्टच. दाताच्या त्या आकृतीचे पूर्ण गुण दिले तरी पासष्ट.

तिचं हसणं चौसष्टचं नव्हतं. पण हसणं कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

नुसत्या आकड्यावर भागत नाही. मूल घरी स्वतःचं काय काय करतं तेही विचारावं लागतं. म्हणून सुआदला घेऊन उबाहच्या घरी गेले. तिची आई, दहाबो, माझ्याच वयाची असावी, पण हात माझ्याहून म्हातारे. वेलची घातलेला गोड चहा आणि गरम सांबुसे, म्हणजे त्यांचे समोसे. नवरा, गुलेद, अजून नैरोबीत आहे. त्याच्या येण्याची फाइल दोन वर्षं चालली आहे. भिंतीवर त्याचा फोटो, आणि फोटोच्या चौकटीत सरकारी पत्रं खोचलेली.

दहाबो मुलीला ‘आई’ म्हणूनच हाक मारते. त्यांच्यात आया मुलांना तसंच म्हणतात. “ये गं आई, बाईंना बशी दे.”

मी यादी वाचत गेले. एकटी अंघोळ करते का? सुरीने कापते का? रस्ता ओलांडते का? घड्याळ कळतं का?

“नाही,” दहाबो म्हणाली. “ते येईल. तिचं खेळायचं वय आहे.”

“बुटांच्या नाड्या?”

“मी बांधते. बाई, ती लहान आहे हो.”

प्रत्येक प्रश्नाला हेच. मग ती बराच वेळ भलतंच सांगत बसली. उबाह वसंतातल्या पावसात झाली, त्याच वर्षी छावणीत मोठा नळ बसला, पाण्याच्या रांगेतच कळा सुरू झाल्या, बायकांनी बादल्या पालथ्या घालून आडोसा केला. सुआद सगळं सांगत होती आणि मी मान डोलावत पुढचा प्रश्न शोधत होते. अजून चौतीस प्रश्न बाकी होते.

टिपणात लिहिलं: ‘आई प्रेमळ. मुलीच्या अडचणी मान्य करणं तिला जड जातं. प्रश्नाला सोडून बोलते.’

इथलेही गुण चाचणीशी जुळले. दोन्हीकडून सारखंच आलं, म्हणजे मी निर्धास्त व्हायला हवं. तरी मी फाइल पुन्हा उघडून बसले आहे.

गुरुवार, १० डिसेंबर

पंचेचाळिसावा दिवस, बैठक. लांब टेबल. एका बाजूला आम्ही सहाजण आणि दुसऱ्या बाजूला दहाबो आणि सुआद. मी माझी खुर्ची उचलून दहाबोच्या बाजूला नेली. त्याने काय साधलं कोण जाणे.

अहवाल मी वाचला. जमेल तितका हळुवार लिहिला होता. आमच्या विशेष शिक्षण विभागाचे प्रमुख हॅरिगन यांनी नदीपलीकडच्या शाळेतल्या स्वतंत्र वर्गाचं सांगितलं. मुलं सात, शिक्षिका एक, मदतनीस दोन, बस दारापर्यंत. ट्रेसी कॉयल म्हणाली, “तिला तिथे रडावं लागणार नाही.” मनापासून म्हणाली.

दहाबोने पहिल्या पानावर, नाव आणि जन्मतारीख छापली होती तिथे, बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मी विचारलं, “काही विचारायचंय?”

तिने सुआदकडे पाहिलं, मग हॅरिगनकडे, त्यांच्या टायकडे. “नाही,” म्हणाली आणि सही केली.

परतताना गाडीत मला वाटलं, किती समंजसपणे घेतलं तिने.

बुधवार, ६ जानेवारी २०१०

आज केक. दर वर्षी नाताळची सुट्टी संपली की कॅनॉल स्ट्रीटच्या आमच्या शाळेत एक भला मोठा केक येतो, एक जानेवारीच्या सगळ्या मुलांचा मिळून. यंदा एकतीस नावं होती. छावणीतून आलेल्या मुलांच्या कागदांवर बहुतेक तीच तारीख असते. मेणबत्त्या लावायला जागा नसते म्हणून केकच्या कडेने गोळ्या लावतात. उबाह सोमवारपासून नदीपलीकडे जाते, पण तिचं नाव यादीतून काढायचं राहिलं होतं. तिच्या नावाचा तुकडा उरला.

मर्ना, शाळेची परिचारिका, दर वर्षीचा विनोद यंदाही करून गेली. “एकतीस मुलं एकाच दिवशी. नऊ महिने आधी काय वारं सुटलं होतं तिकडे?” मीही दर वर्षीसारखी हसले.

मग ती उरलेल्या तुकड्याकडे बघून म्हणाली, “ही दातपडकी ना? सुट्टीआधी तिचा शेजारचा दात माझ्या खोलीत पडला. सातवं वर्ष मोठं घाणेरडं असतं. सगळीकडे दातच दात.”

“दहावं,” मी म्हणाले. “ती दहाची झाली.”

मर्नाने चमचा चाटला. “कागदावर असेल. तोंडात नाही. दहाव्या वर्षी सुळे आणि दाढा हलतात, वरचे पुढचे नाहीत. मी तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं की. पण तो वाचतं कोण?”

तो कागद माझ्या फाइलमध्ये आहे. डोळे बरे, कान बरे एवढं पाहून मी पान उलटलं होतं. खाली दोन ओळी आहेत, हिरव्या शाईत.

केकची बशी कुठे ठेवली आठवत नाही.

गुरुवार, ७ जानेवारी

बर्फामुळे शाळा बंद.

वसंतातला पाऊस. तो जानेवारीत कसा पडेल? मर्नाच्या दातांच्या हिशेबाने वर्ष दोन हजार दोन धरलं तर चाचणीच्या दिवशी ती साडेसात वर्षांची होती. साडेसातचा तक्ता काढला आणि तिचीच उत्तरं, तोच पडलेला दात, सगळं पुन्हा लावलं.

अठ्ठ्याऐंशी.

साधी, बरीशी दुसरीतली मुलगी. दोन वर्षं पुढच्या वर्गात बसवलेली, म्हणून टेबलाखाली जाणारी. नाड्या न येणारी, कारण अजून यायच्या आहेत. माझ्या वजाबाकीत काही चुकलं नव्हतं. तीनदा केली होती. फक्त खालची तारीख कुठून आली ते मी विचारलं नाही, आणि मी दर वर्षी तो केक खाते.

चीड येते आहे आणि ती काढायला कुणी नाही.

शनिवार, ९ जानेवारी

सुआदला सगळं सांगितलं. म्हणाली, “नळ दोन हजार दोनला बसला. त्या छावणीतलं शेंबडं पोर सांगेल. मी तुला शब्द न् शब्द सांगत होते, जनीन. मला वाटलं, तू लिहून घेतेयस.”

“मग तू काही बोलली का नाहीस?”

“दुभाषीने मधे बोलायचं नाही. तूच शिकवलंयस.”

दोघी दहाबोकडे गेलो. तिने चहा ठेवला. मी माफी मागितली. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती घाबरली. आधी उठून दार लावलं.

“मी सांगितलं होतं, बाई. नळाचं सांगितलं, पावसाचं सांगितलं.”

“मग बैठकीत?”

“तिथे तारीख छापलेली होती. छापलेल्याला मी नाही कशी म्हणू?” मग तिने हळूहळू सांगितलं. छावणीत तंबूतल्या कारकुनाने रांगेत उभ्या पोरीकडे न बघता अंदाजे वय टाकलं, आणि सगळ्यांना टाकायचा तशी एक जानेवारी. तिला वाचता येत नव्हतं. पुढे तीन वेळा मुलाखत झाली, तिन्ही वेळा साहेबांनी तीच तारीख वाचली आणि तिने हात वर करून शपथेवर हो म्हटलं. गुलेदच्या कागदांवरही तीच आहे. मार्चमध्ये त्याची मुलाखत. “एका बाईच्या नवऱ्याची तारीख जुळली नाही. त्याची फाइल सगळ्यांत खाली गेली. चार वर्षं झाली, बाई. तो अजून तिथेच आहे.”

मी म्हटलं, “पण उबाहला त्या वर्गात...”

“मारतात तिला?”

“नाही.”

“उपाशी ठेवतात?”

“नाही.”

“मग बाप येईपर्यंत बसू दे.” आणि माझा हात धरला, घट्ट. “तुम्ही कुठे लिहायचं नाही. तुम्ही चहा प्यायलाय माझ्या घरी.”

मी शब्द दिला. जिना उतरताना सुआद नुसती म्हणाली, “बर्फ आहे, सांभाळून.”

मंगळवार, १२ जानेवारी

नदीपलीकडे जाऊन आले. उबाह चमचे आणि काटे वेगळे लावत होती. मदतनीस बाई कौतुकाने म्हणाली, “ही आमची सगळ्यांत हुशार. दोन दिवसांत सगळं शिकली. आता इतरांना शिकवते.”

एका मोठ्या मुलाचा हात धरून ती त्याला काट्याचे दात मोजून दाखवत होती. मला पाहून वरचा ओठ उचलला. नवा दात येतो आहे, करवतीसारख्या कडेचा. खूश होती. इथे तिला सगळं येतं म्हणून खूश होती, आणि तीन वर्षं अशी खूश राहिली तर पुढे काय, हे माझ्याशिवाय त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर, गप्प बसावं असं दोनदा मनात आलं. तीन वर्षांनी फेरतपासणी असतेच. तेव्हा गुलेद आलेला असेल. मला कुणी दोष देणार नाही, कागद सगळे बरोबर आहेत. हा विचार इतका सोयीचा होता की मी गाडीत बराच वेळ त्याच्याबरोबर बसून राहिले.

गुरुवार, १४ जानेवारी

हॅरिगनकडे गेले. माणूस वाईट नाही. बावीस वर्षं हे खातं त्याने कसंबसं तोलून धरलं आहे.

“अहवाल मागे घ्यायचाय,” मी म्हणाले.

“कोणाचा?”

“माझा. उबाहचा.”

“कारण?”

“चूक झाली.”

“कुठे? बेरजेत? तक्त्यात?”

“बेरजा बरोबर आहेत,” मी म्हणाले. त्याने फाइल उघडली, पहिलं पान पाहिलं आणि मिटली. खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी चालली होती, ती वळेपर्यंत बघत बसला.

“जनीन, वर्ग वयावर ठरतो आणि वय कागदावर. कागद मी बदलू शकत नाही. कारणाशिवाय अहवाल मागे घेतलेला मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही.”

“माहीत आहे.”

“मी तुला काही विचारलं नाही, तू मला काही सांगितलं नाहीस. हवं तर लेखी दे. अर्जात कारणाचा रकाना नसतो, आणि लेखी आलं की उत्तर लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं.”

म्हणजे नकार, फक्त टपालाने. दारात म्हणाला, “दमलेली दिसतेस. दोन दिवस रजा घे.” मला वाटतं, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्याला वाटत असावं.

बुधवार, २० जानेवारी

दहाबोला सुआदकडून विचारलं: तारखेचा एक शब्दही न लिहिता, सगळी चूक माझ्याच अंगावर घेऊन मी काही मागितलं तर चालेल का? तिचा निरोप आला: “तारीख नको. गुलेद नको. बाकी बाईंनी स्वतःबद्दल काय लिहायचं ते लिहावं.” आणि डबाभर सांबुसे.

चुकीचा अहवाल लिहिणारी म्हणून हे पत्र माझ्याच फाइलमध्ये जाईल. पुढचा प्रत्येक अहवाल कुणीतरी दोनदा वाचेल. वाचू दे.

गुरुवार, २१ जानेवारी

चार मसुदे फाडले. प्रत्येकात मी स्वतःला थोडं वाचवत होते. हा पाचवा. उद्या सकाळी देणार. सोमवारी नकार येईल, हॅरिगन यांच्या त्या नीटनेटक्या सहीचा. मग अपील, मग दुसरं पत्र. इथे उतरवून ठेवते.

‘प्रति, प्रमुख, विशेष शिक्षण विभाग.

उबाह हिच्याबद्दलचा १० डिसेंबरचा अहवाल माझा आहे. तो मी मागे घेत आहे. चाचणी नियमाप्रमाणे झाली, बेरजा बरोबर आहेत. पण जो तक्ता मी वापरला तो या मुलीला लागू आहे की नाही, याची खात्री मी करून घेतली नव्हती. ती करणं माझं काम होतं. मुलीच्या आईने मला हवी ती सर्व माहिती दिली होती. ऐकण्यात कसूर माझी. याहून अधिक मी लिहू शकत नाही आणि विचारल्यास सांगणार नाही.

माझ्या मते या मुलीला मतिमंदत्व नाही. तिला स्वतंत्र वर्गातून काढावं. चौथीत परत पाठवू नये. असा नियम नाही, हे मला माहीत आहे. तरीही माझी विनंती आहे की तिला कॅनॉल स्ट्रीटच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात, येत्या सोमवारपासून बसू द्यावं.

जनीन लव्हासर’